घर्षण दुर्लक्षित करा

कार्राराच्या डोंगराखाली, खाणकामगारांच्या संघाच्या खोलीत
बुधवारी रात्री मी गणित शिकवायचे, आणि थोडं पदार्थविज्ञान.
शेगडी धुरकट. बाकं लहान मुलांची,
त्यांत गुडघे कसेबसे कोंबून बसलेले पन्नाशीचे बाप्ये,
नखांत संगमरवराचा पांढरा भुगा.

पुस्तकातलं उदाहरण फळ्यावर उतरवलं:
दहा किलोची पेटी, तिरकी फळी, तीस अंशांचा उतार.
घर्षण दुर्लक्षित करा. त्वरण काढा.

मागच्या बाकावर सेत्तिमियो हसला.
हसला म्हणजे नाकातून हवा सोडली.
"बाई, त्याच्याकडे दुर्लक्ष कोणी करायचं?
माझं तर जन्मभर दुसरीकडे लक्षच नाही."

खडू घ्यायला पुढे आला. अंगाला साबणाचा वास.
पेटी पुसली, तिथे दगड काढला, वीस टनांचा.
खाली साबण फासलेल्या तुळया.
दगड सरकला की मागची मोकळी झालेली तुळई उचलायची
आणि त्याच्या तोंडाशी अंथरायची.
अंथरणारा दगडासमोर उभा, दोन मीटरवर.
(तो मी, म्हणाला, आणि रेघांचा एक माणूस काढला.)
वर तीन दोर, तीन खुंट.
"खाली साबण लावून घर्षण घालवायचं,
वर खुंटाला वेढे देऊन तेच परत मागून घ्यायचं.
अख्खा धंदा एवढाच, बाई."

मी पिसाला शिकले. हे मला तिथे कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी नियम लिहिला:
सगळी ओढाताण वजा जाऊन जे बळ उरेल
त्याला वस्तुमानाने भागायचं. ते त्वरण.
'उरेल' त्याला आवडलं. वाण्याच्या वहीसारखं, म्हणाला.
उतार ओढतो दहा टनांनी,
तुळया धरतात चार, दोर सहा.
बाकी शून्य.
"पण शून्य म्हणजे दगड थांबला असं नाही हं.
चालतोच. गोगलगायीसारखा. फक्त चाल बदलत नाही."
हे समजावायला मला इतर वर्गांत आठवडा लागतो.

आणि दोर तुटले तर, मी विचारलं.
विचारायला नको होतं.
कोणीतरी शेगडीत उगाच लाकूड सारलं.

बाकी सहा. भागिले वीस.
सेकंदागणिक वेग तीन मीटरनी वाढतो.
दोन मीटर अंतर: एक सेकंद आणि वर थोडं.
त्याने रेघांच्या माणसाकडे पाहिलं.
"बाजूला उडी मारायची म्हटली तर दीड मीटर जावं लागतं.
जाता येतं का एवढ्यात?"

मी सांगितलं, माणसालाही पळायला घर्षण लागतं,
पाय जमिनीला मागे ढकलतो, जमीन माणसाला पुढे.
"बुटाला साबण असतो, बाई. आमच्या सगळ्यांच्या."

मग तुळईचाच आकडा बुटाला लावला: वजनाचा पाचवा भाग.
त्वरण दोन. जास्त नाही, कितीही दणकट गडी असो,
वस्तुमान वरही येतं, खालीही, आणि निघून जातं.
तेवढ्या वेळात माणूस सव्वा मीटरच्या जरा पुढे पोचतो.
वीतभर कमी.
दचकायला लागतो तो वेळ आम्ही धरलाच नव्हता.

खडू त्याच्या हातात मोडला.
"सतरा वर्षं आम्ही म्हणत आलो, इलारिओ मंद होता.
वेंधळा होता. मीही म्हणालो,
आर्जियाच्या स्वयंपाकघरात, तिच्याच हातचं जेवत."

कोणी काही बोललं नाही.
त्याने कोरा कागद मागितला आणि सगळं उतरवून घेतलं,
जीभ दातांत धरून, दगड, दोर, उतार, भागाकार.
तिला कळेल का हे, म्हणाला.
मी म्हटलं, शेवटची ओळ शब्दांत लिहा.

वर्षभर मी त्याचे गुण कापत होते, उत्तरापुढे
एकक लिहीत नाही म्हणून.
त्या रात्री त्याने प्रत्येक ओळीत लिहिलं.
मीटर. सेकंद. टन.
आणि तळाशी, अक्षर जरा मोठं काढून: वीत.